मूल एकटं रेल्वेने निघालंय? सोलापूरच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागायला आली किंवा मे महिना तोंडावर आला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाची लेक पुण्याला मामाकडे निघालेली असते, कुणाचा मुलगा लातूरला क्लासला, कुणाची नातवंडं सिकंदराबादला आजोळी. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. गाड्यांच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी १३९ वर किंवा रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघून घ्या.

१. मुलाला एकट्याने रेल्वेने पाठवायला किती वय लागतं?

विमान कंपन्या एकट्या मुलाला एका टोकाला ताब्यात घेतात आणि दुसऱ्या टोकाला नातेवाइकाच्या हाती देतात. रेल्वेत अशी सोय नाही. टीसी तिकीट तपासतो. तुमच्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर नसते. तिकीट आणि ओळखपत्र बरोबर असेल तर मूल प्रवास करू शकतं, पण मधल्या सगळ्या वेळेचं उत्तर तुम्हीच शोधून ठेवायचं असतं.

माझं मत विचाराल तर बारा वर्षांच्या आत एकट्याने नकोच. बारा ते पंधरा या वयात दिवसाची, ओळखीच्या मार्गावरची गाडी चालेल. रात्रीची गाडी सोळा-सतराच्या पुढे, आणि तीही दिवसाचे दोन-चार प्रवास नीट झाल्यावर. पण वयापेक्षा दोन गोष्टी जास्त बघा. मुलाला दोन मोबाइल नंबर तोंडपाठ आहेत का? आणि अनोळखी माणसाला थांबवून, न घाबरता, स्पष्ट आवाजात मदत मागता येते का? चौदा वर्षांची काही मुलं दुकानदाराकडे सुट्टे पैसे मागायलाही लाजतात. त्यांना अजून एक वर्ष थांबू द्या, काही बिघडत नाही.

२. पहिल्यांदाच पाठवतोय. सोलापुरातून कोणती गाडी बरी?

जी गाडी सोलापुरातून सुटते आणि जिथे जायचंय तिथेच संपते, ती. पुण्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस म्हणूनच सगळ्यात सोपी. सोलापुरात ती आधीच लागलेली असते, त्यामुळे मुलाला जागेवर बसवायला निवांत वेळ मिळतो. पुण्यात ती संपते, म्हणजे स्टेशन मागे पडायची भीती नाही. डुलकी लागली तरी कोणीतरी उठवतंच. पूर्ण प्रवास बसून असतो, त्यामुळे वरची-मधली बर्थ, दिवे बंद हा प्रकार नाही. परत येतानाही तेच, कारण हुतात्मा सोलापुरातच संपते. फक्त ती संध्याकाळी पुण्याहून निघून रात्री पोहोचते, तेव्हा घ्यायला वेळेआधी जा.

वंदे भारतही सोलापुरातूनच सुटते आणि बसायचीच गाडी आहे, पण ती मुंबईपर्यंत जाते. पुणे हे तिचं मधलं स्टेशन. मुंबईला सीएसएमटीपर्यंत जाणाऱ्या मुलासाठी ती छान आहे. पुण्याला उतरायचं असेल तर मुलाने दहा मिनिटं आधीच दप्तर पाठीला लावून उभं राहायला हवं.

उद्यान, कोणार्क, हुसेनसागर यांसारख्या लांबून येणाऱ्या गाड्या पहिल्या प्रवासाला टाळा. त्या सोलापुरात थोडा वेळ थांबतात, उशीर झाला तर बराच होतो, आणि तुमच्या मुलाच्या जागेवर कोणीतरी आधीच पाय पसरून झोपलेलं असू शकतं. त्याला उठवायचं काम तुमच्या बारा वर्षांच्या मुलावर का टाकायचं?

आषाढीच्या दिवसांत कुर्डूवाडी-पंढरपूर बाजूला आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत गाड्यांना तुफान गर्दी असते. ते दिवस सोडून द्या. जनरल डब्यात तर एकट्या मुलाला कधीच बसवू नका.

३. अर्धं तिकीट चालेल का?

पाच वर्षं पूर्ण झाल्यापासून बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत अर्ध्या भाड्याची सवलत आहे, पण आरक्षित डब्यात ती स्वतंत्र जागा न घेणाऱ्या मुलाला. स्वतःची जागा हवी तर पूर्ण भाडं पडतं. हा नियम एप्रिल २०१६ पासून आहे. एकट्या मुलाला जागा लागतेच, म्हणून पूर्ण तिकीट काढा. बारा पूर्ण झाल्यावर प्रश्नच नाही. वय खोटं लिहू नका. ओळखपत्रावर जन्मतारीख असते, आणि टीसीसमोर खोटं बोलायची वेळ मुलावर येते.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना सुट्टीत घरी येण्या-जाण्यासाठी विद्यार्थी सवलत मिळते. त्यासाठी शाळेने किंवा कॉलेजने भरून दिलेला सवलतीचा फॉर्म घेऊन रिझर्व्हेशनच्या खिडकीवरच जावं लागतं. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. दिवाळीच्या गाड्या लवकर भरतात, तारीख ठरली की लगेच काढा.

४. मुलाकडे आधार कार्डाची झेरॉक्स दिली तर चालेल ना?

नाही. ई-तिकिटावर ओळखपत्र मूळ लागतं. ज्यांची नावं तिकिटावर आहेत त्यांपैकी एकाचं पुरतं, आणि मूल एकटंच असल्यावर ते एक म्हणजे तेच. मूळ ओळखपत्र नसेल तर विनातिकीट धरलं जातं आणि दंड बसतो.

बऱ्याच पालकांना माहीत नसतं, पण मान्यताप्राप्त शाळेने दिलेलं फोटोचं ओळखपत्र रेल्वेला चालतं. मूळ आधार घरी ठेवायचं असेल तर शाळेचं कार्ड द्या. फक्त फोटो ओळखू येण्यासारखा आहे का ते बघा. चौथीतला फोटो आणि नववीतला मुलगा असला की वाद होतो. डिजिलॉकरमधलं किंवा एम-आधारमधलं आधारही चालतं, पण मोबाइल बंद पडला तर ते गेलं. कार्ड हातात असलेलं बरं.

५. वेटिंग आहे, आरएसी मिळालं तर पाठवू का?

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. त्यावर गाडीत बसणं म्हणजे विनातिकीट प्रवास. आरएसी वैध आहे, पण त्यात बाजूची खालची बर्थ दोघांत वाटून बसावं लागतं आणि शेजारी कोण येईल ते सांगता येत नाही. रात्रीच्या गाडीला एकट्या मुलाला आरएसीवर पाठवू नका, मुलगी असो की मुलगा. प्रवास एक दिवस पुढे ढकला.

६. मुलगी एकटी जाणार आहे. तिच्यासाठी वेगळी काही सोय?

आहे, आणि ती फार कमी जण वापरतात. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपरला महिलांसाठी सहा बर्थचा राखीव कोटा असतो. त्याला वयाची अट नाही. एकटी मुलगी असो की बायकांचा गट, दोघींना चालतो. तिकीट काढताना ‘जनरल’ऐवजी ‘लेडीज’ कोटा निवडायचा. आसपासच्या बर्थवरही बायकाच असण्याची शक्यता वाढते, हा मोठा फायदा.

दुसरी सोय म्हणजे आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) ‘मेरी सहेली’. २०२० पासून ती सगळ्या विभागांत सुरू आहे. एकट्या निघालेल्या महिलांना आरपीएफच्या महिला कर्मचारी गाडी सुटायच्या स्टेशनवर भेटतात, डबा आणि सीट नोंदवून घेतात, आणि पुढच्या स्टेशनांवरचे कर्मचारी विचारपूस करतात. प्रत्येक गाडीत त्या येतीलच असं नाही. सोलापूर स्टेशनवर लवकर पोहोचून आरपीएफच्या चौकीत जाऊन स्वतःहून सांगा: मुलगी एकटी आहे, हा डबा, ही सीट. मागायला संकोच कसला, ते त्यांचं कामच आहे.

७. मुलाला सीटवर बसवायला आत जाऊ शकतो का?

फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. ते जवळ ठेवून आत जाऊन सीट दाखवा, पिशवी सीटखाली सरकवा आणि खाली उतरा. वंदे भारतमध्ये मात्र आत रेंगाळू नका. तिची दारं आपोआप बंद होतात आणि एकदा बंद झाली की प्रवाशाला उघडता येत नाहीत. पोचवायला आलेली माणसं पुढच्या स्टेशनपर्यंत गेल्याचे प्रकार अनेकदा झाले आहेत. मूल सुखरूप बसतं आणि आई कुर्डूवाडीला, असं नको व्हायला. त्या गाडीला खिडकीतून हात हलवा.

उतरण्याआधी एक काम करा: शेजारच्या सीटवर कुटुंब किंवा वयस्कर जोडपं असेल तर दोन शब्द बोला. ‘काका, हा माझा मुलगा, पुण्याला उतरायचाय, मामा घ्यायला येणार आहे.’ शेवटचं वाक्य मुद्दाम मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्या सगळ्यांना कळतं की या मुलाची कोणीतरी वाट बघतंय. पण मुलाला त्यांच्या ‘ताब्यात’ देऊ नका. ओळख चांगुलपणाची असली तरी दहा मिनिटांचीच असते.

८. घ्यायला येणाऱ्याने कुठे थांबायचं?

फलाटावर, डब्याच्या दारासमोर. ‘बाहेर रिक्षा स्टँडपाशी थांबतो’ हे बोलणं बंद करा. पुणे स्टेशनला दोन बाजू आहेत: एक मुख्य दरवाजा आणि दुसरी ताडीवाला रोडची. मामा एकीकडे आणि भाचा दुसरीकडे, दोघंही ‘बाहेर उभा आहे’ सांगतात, आणि इकडे सोलापुरात आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आदल्या रात्रीच डबा आणि सीट नंबर मामाला पाठवा. मुलाला सांगा: उतरल्यावर डब्यापाशीच थांबायचं, गर्दीबरोबर जिन्याकडे वाहत जायचं नाही, मामाचा चेहरा दिसेपर्यंत फलाट सोडायचा नाही.

स्टेशनच्या नावांवरूनही गोंधळ होतो. अहिल्यानगर-मनमाडकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनला न जाता दौंड कॉर्ड लाईन या वेगळ्या स्टेशनवरून जातात. दौंडला कोणी घ्यायला येणार असेल तर तिकिटावर नेमकं कोणतं नाव आहे ते वाचा. मुंबईचंही तसंच: काही गाड्या सीएसएमटीला संपतात, काही लोकमान्य टिळक टर्मिनसला. ‘मुंबईला उतर’ एवढं सांगून भागत नाही.

एक परवलीचा शब्द ठरवा, घरातल्या घरात. मामाऐवजी ऐनवेळी मामाचा मित्र आला तर त्याला तो शब्द माहीत हवा. माहीत नसेल तर मूल त्याच्याबरोबर जाणार नाही आणि घरी फोन लावेल. मोठ्यांना यात अपमान वाटतो; वाटू द्या.

९. सोबत काय काय द्यायचं?

सामान कमी. जेवढं मुलाला स्वतः उचलून जिना चढता येईल तेवढंच. चादरींचा गठ्ठा, शेंगा चटणीचे डबे आणि आत्यासाठी पापड या फेरीला पाठवू नका.

सगळ्यात महत्त्वाची ती चिठ्ठी. वहीच्या पानावर, निळ्या पेनने, मोठ्या अक्षरात लिहा आणि शर्टच्या खिशात ठेवा, दप्तरात नको. त्यावर असं असावं:

माझं नाव, वय, इयत्ता.
गाडीचं नाव, डबा, सीट, पीएनआर (तिकिटावरचा आरक्षणाचा नंबर).
कुठून बसलो, कुठे उतरायचं, घ्यायला कोण येणार, त्यांचा नंबर.
आईचा नंबर, बाबांचा नंबर.
मला कशाची ॲलर्जी आहे, कोणतं औषध चालू आहे.
१३९ रेल्वे, १०९८ मुलांसाठी, ११२ पोलीस.
खाली पालकाची सही आणि ‘माझ्या संमतीने प्रवास करत आहे’ हे वाक्य.

असं पत्र असावं असा रेल्वेचा नियम नाही, त्यासाठी छापील नमुनाही नाही. पण एकट्या मुलाला बघून आरपीएफच्या जवानाने विचारलं तर घाबरलेल्या मुलापेक्षा ही चिठ्ठी चांगलं बोलते. तो तुम्हाला फोन करून खात्री करतो आणि विषय संपतो.

पैसे दोन ठिकाणी ठेवा, थोडे खिशात आणि थोडे दप्तराच्या आतल्या कप्प्यात. पाण्याच्या दोन बाटल्या द्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळीस अंशांच्या वर जातं आणि सेकंड सिटिंगच्या डब्यात दुपारी भट्टी पेटते. त्या दिवसांत शक्य असेल तर एसी चेअर कार काढा.

१०. मोबाइल द्यावा का?

द्या, साधा का असेना. पूर्ण चार्ज केलेला, आणि नंबर मोबाइलमध्ये असले तरी चिठ्ठीवरही हवेतच (प्रश्न ९). गाडीतल्या चार्जिंगवर विसंबू नका. लाइव्ह लोकेशन सुरू ठेवा, पण मध्ये रेंज जाते तेव्हा ठिपका एका जागी थांबतो. लगेच घाबरून जाऊ नका. गाडी कुठे आहे ते एनटीईएसवर वेगळं बघता येतं. दर दहा मिनिटांनी फोन करू नका, बॅटरी संपते. स्टेशनं ठरवून घ्या: कुर्डूवाडी गेली की एक फोन, दौंड गेलं की एक.

११. गाडीत खाण्याचं काय?

घरचा डबा. कोणीही दिलेलं खायचं नाही, लहान मुलं असलेल्या मावशींनी दिलेलंही नाही. ‘नको, पोट भरलंय’ म्हणायला शिकवा. आणि चहा-वडापावसाठी मधल्या स्टेशनवर खाली उतरायचं नाही, गाडी कितीही वेळ थांबलेली दिसली तरी.

१२. स्टेशन चुकलं, किंवा भलत्याच ठिकाणी उतरलं तर?

मुलाला एकच गोष्ट पक्की सांगा: चुकलास तर जिथे आहेस तिथेच थांब आणि फोन कर. मूल स्वतःच उपाय शोधायला जातं तेव्हाच गोष्टी बिघडतात. समोर दिसलेल्या उलट्या दिशेच्या गाडीत चढतं आणि आणखी लांब जातं.

स्टेशन मागे पडलं असेल तर गाडीतच टीसीला सांगायचं आणि पुढच्या थांब्यावर उतरून थेट स्टेशन मास्तरच्या खोलीत किंवा आरपीएफ, लोहमार्ग पोलीस यांच्याकडे जायचं. चालत्या गाडीतून उतरायचा विचारही नाही. हे तीनदा सांगा. तुम्ही इकडून १३९ लावा, १ दाबा (सुरक्षा आणि वैद्यकीय मदतीसाठी तोच आकडा आहे), गाडी, डबा आणि मुलाचं वर्णन द्या.

सोलापूरकडे येताना पुढे जाण्याचा धोका लांबच्या गाड्यांना असतो. सोलापूर सुटलं की पुढे होटगी, आणि तिथून एक मार्ग कलबुर्गी-वाडीकडे, दुसरा विजयपूरकडे. मुलाला हे नकाशावर एकदा दाखवा. होटगीची पाटी दिसली म्हणजे घर मागे राहिलं, एवढं त्याला कळलं पाहिजे.

१३. कोणी त्रास दिला किंवा सामान चोरीला गेलं तर?

आधी आवाज. मोठ्याने ‘काका, हे बघा काय करतायत’ म्हणायचं आणि जागा सोडून डब्यातल्या कुटुंबांजवळ जाऊन उभं राहायचं. दाराजवळ किंवा संडासाकडे पळायचं नाही. मग टीसी, आरपीएफ किंवा १३९. सुरक्षेसाठीचा पूर्वीचा १८२ हा नंबर आता वेगळा नाही, एप्रिल २०२१ पासून तोही १३९ मध्येच आला आहे. रेल मदद ॲपवर फोटोसह तक्रार करता येते.

तक्रारीसाठी मधल्या स्टेशनवर उतरावं लागत नाही. चालत्या गाडीत टीसी किंवा गाडीतले पोलीस एफआयआरचा फॉर्म देतात. घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी घरी आल्यावर कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही.

मूल घरी येऊन काही सांगत असेल तर पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलासच कशाला?’ हा विचारू नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

१४. साखळी ओढली तर दंड होतो ना?

विनाकारण ओढली तर. रेल्वे कायद्याच्या कलम १४१ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण कोणाचा जीव धोक्यात असणं, किंवा लहान मूल गाडीत आणि मोठं माणूस फलाटावर अशी ताटातूट होणं हे पुरेसं कारण आहे. आपलं स्टेशन मागे पडलं, हे कारण नाही. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

१५. तिकीट हरवलं तर टीसी मुलाला मधेच उतरवेल का?

ई-तिकीट असेल तर कागद हरवून काही होत नाही. मोबाइलवरचा संदेश आणि मूळ ओळखपत्र पुरतं. चिठ्ठीवर पीएनआर लिहायला सांगितला तो याचसाठी.

तिकीट खरोखरच नसेल तरीसुद्धा कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९: सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला भाडं न दिल्याच्या कारणावरून कुठेही उतरवता येत नाही. प्रवास जिथे सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं ठिकाण, यांपैकीच एखाद्या ठिकाणी, आणि तेही फक्त दिवसा. रात्री दोनला एखाद्या लहानशा स्टेशनवर ‘उतर खाली’ असं कोणी म्हणालं तर मुलाने उतरू नये, आरपीएफला बोलवा म्हणावं. हे कलम चिठ्ठीच्या मागे लिहून द्या.

१६. नववीतली ताई आणि दुसरीतला भाऊ, दोघंच जाऊ शकतात का?

एकाच पीएनआरवर तिकीट काढा, म्हणजे जागा शेजारी मिळण्याची शक्यता जास्त आणि ताईचं एक ओळखपत्र दोघांना पुरतं. धाकट्याला वेगळी जागाच घ्या. पण स्पष्ट सांगते, मला हे पटत नाही. एकटी असताना ती मुलगी फक्त स्वतःला सांभाळते. सोबत सात वर्षांचा असला की त्याचं संडासला जाणं, त्याचं रडणं, त्याचं दाराकडे धावणं हे सगळं तिच्या अंगावर पडतं. हुतात्माने पुण्यापर्यंत एक वेळ ठीक. रात्रीच्या गाडीला नाही.

१७. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री मुंबईला पाठवू का?

वयाबद्दल प्रश्न १ पाहा. पाठवायचंच ठरलं तर सिद्धेश्वर त्यातल्या त्यात बरी, कारण ती सोलापुरातून सुटते आणि सीएसएमटीला संपते. मुलाला वरची बर्थ घ्या. खालच्या बर्थवर येणारा-जाणारा बसतो, आणि मधली रात्री दहा ते सकाळी सहा सोडून खाली पाडावी लागते. वरच्या बर्थवर त्याला कोणी हलवत नाही आणि दप्तर उशाला घेता येतं.

उतरायचं मात्र सीएसएमटीलाच ठरवा, आत्या ठाण्याला राहत असली तरी. पहाटे कल्याण-ठाण्याला गाडी थोडाच वेळ थांबते आणि झोपेतून उठलेलं मूल त्या गर्दीत गोंधळतं. आत्याने थोडी तसदी घेऊन सीएसएमटी गाठावं.

१८. मी सोबत जाणार होते, ऐनवेळी माझं रद्द झालं. माझ्याच तिकिटावर मूल जाईल का?

मुलाचं नाव तिकिटावर आहे आणि त्याची स्वतःची जागा आहे, तर जाऊ शकतं; तुमची जागा टीसी दुसऱ्या कोणाला देऊ शकतो. ओळखपत्र त्याचं हवं (प्रश्न ४). पण मुलाचं तिकीट जागा न घेतलेलं अर्धं असेल, तर त्यावर एकटं पाठवू नका. ते रद्द करून नवं काढा.

तिकीट फक्त तुमच्या नावावर असेल तर ते कुटुंबातल्या माणसाच्या नावावर करता येतं: आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. गाडी सुटायच्या २४ तास आधी रिझर्व्हेशन ऑफिसमध्ये नात्याच्या पुराव्यासह अर्ज द्यावा लागतो. पुतण्या किंवा भाची यात बसत नाही.

१९. मुलगा रोज गावाहून रेल्वेने सोलापूरला शाळेत येतो. त्याला वेगळं तिकीट लागतं का?

घर ते शाळा या प्रवासासाठी सेकंड क्लासचा मासिक पास मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत मोफत मिळतो. शाळेचा दाखला घेऊन खिडकीवर जा. आणि दारात लटकू नको हे रोज सांगा, त्याला कंटाळा आला तरी.

२०. गाडीत किंवा सोलापूर स्टेशनवर एकटं, भेदरलेलं मूल दिसलं तर मी काय करू?

त्याच्याशेजारी बसा, पाणी द्या, आणि १३९ किंवा १०९८ लावा किंवा आरपीएफच्या जवानाला बोलवा. घरी घेऊन जाऊ नका, हेतू कितीही चांगला असला तरी. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ३२ नुसार पालकांपासून तुटलेलं मूल सापडल्यावर चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे, आणि ते प्रत्येकावर. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मुलाची ओळख उघड करण्याला या कायद्यात मनाई आहे, आणि तो फोटो चुकीच्या माणसापर्यंतही पोहोचतो.

सोलापूरकरांना इथे एक मोठी मदत करता येते. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड घराघरांत बोलतात. आंध्र-तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आलेलं मूल पोलिसांना काही सांगू शकत नसेल, तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. आईची भाषा ऐकली की मूल नाव-गाव सांगतं.

२१. मुलगा रागावून न सांगता गेला, गाडीत बसला असावा. चोवीस तास थांबावं लागतं का?

एक मिनिटही थांबू नका. ११२ आणि १३९ दोन्ही लावा, आणि घरातल्या एकाने सोलापूर स्टेशनवरच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, बोलण्याची भाषा आणि त्या वेळेत कोणत्या गाड्या सुटल्या हे सांगा. १० मे २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की बेपत्ता मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास करायचा. ‘येईल संध्याकाळी’ असं कोणी म्हणालं तर हा निकाल सांगा. आरपीएफ ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत अशाच मुलांना शोधते, पण त्यांना गाडी आणि वर्णन लवकर मिळालं तर पुढच्या स्टेशनवर डबे बघता येतात. पहिले दोन तास नातेवाइकांना फोन करण्यात घालवू नका.

२२. मूल सापडलंय, पण त्याला बाल कल्याण समितीकडे नेलं म्हणतात. आमचंच मूल, मग थेट का देत नाहीत?

रेल्वेत एकटं सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. घ्यायला आलेला माणूस खरोखर पालक आहे का, आणि मूल घरून पळालं असेल तर का पळालं, हे समिती बघते. यात तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला नसतो. मुलाशी समिती वेगळं बोलते, तेव्हा मध्ये बोलू नका.

जाताना मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, दोघांची आधार कार्डं, रेशन कार्ड आणि मुलाबरोबरचा घरचा फोटो घ्या. मूल दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं तर तिथल्या समितीकडे जावं लागतं. ती प्रकरण सोलापूरच्या समितीकडे पाठवू शकते. आई-वडील दोघांनी जाणं उत्तम. एकालाच जमत असेल तर दुसऱ्याने फोनवर उपलब्ध राहावं, कारण समिती खात्रीसाठी फोन करते.